पहिलं लढाऊ विमान घेताना घ्यायची काळजी

होतकरू वैमानिकाचं वय साधारण चाळिशीच्या आगेमागे असतं. पाठ नुकतीच धरायला लागलेली असते, आणि मुलाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतलेल्या संगणकात ग्राफिक्स कार्ड मात्र अभ्यासाला लागतं त्याच्या चौपट ताकदीचं निघतं. एका शुक्रवारी रात्री तो ‘डीसीएस वर्ल्ड’ हे लढाऊ विमानांचं सिम्युलेटर डाउनलोडला लावून झोपतो. सकाळी उठून पाहतो तर मूळ प्रोग्रॅम फुकट, पण विमानं एकेक करून विकत घ्यायची आणि बहुतेकांची किंमत डॉलरमध्ये. पुढच्या दहा मिनिटांत त्याच्या हातून जी खरेदी होते, ती होऊ नये म्हणून हे मार्गदर्शन.

खऱ्या हवाई दलात कॅडेटच्या डोक्याला हा ताप नसतो. दुंडिगलच्या अकादमीत त्याच्यापुढे पिलाटस पीसी-७ उभं करतात. तुला कुठलं आवडतं, हे कोणी विचारत नाही. घरगुती हवाई दलात मात्र कॅडेट, प्रशिक्षक आणि खजिनदार ही तिन्ही पदं एकाच माणसाकडे असतात, आणि त्यातला खजिनदार फार लवकर विरघळतो.

तेव्हा पहिला नियम असा, की सिनेमा पाहून विमान घेऊ नये. १९८६ साली ‘टॉप गन’ आला आणि एका अख्ख्या पिढीच्या मनात एफ-१४ टॉमकॅट जाऊन बसलं. २०१९ मध्ये हीटब्लर या कंपनीने ते डीसीएससाठी तयार केलं, आणि इतक्या निगुतीने केलं की खऱ्या विमानाच्या खोडीही सोबत आल्या. पंख २० अंशांपासून ६८ अंशांपर्यंत मागे सरकतात, ते बाहेरून न्याहाळण्यात पहिली संध्याकाळ मजेत जाते. दुसऱ्या संध्याकाळी कळतं, की टॉमकॅटच्या ‘ए’ आवृत्तीतली टीएफ-३० इंजिनं नको त्या वेळी थ्रॉटल हलवला तर गुदमरतात. दोन इंजिनांमध्ये अंतर ऐसपैस. एक गुदमरलं की दुसरं विमानाला भोवऱ्यासारखं फिरवायला मोकळं. शिवाय मागच्या सीटवर जेस्टर नावाचा आभासी सहकारी बसलेला असतो. रडार त्याच्या ताब्यात, आणि तोंडही त्याचंच चालू. ज्याच्या घरात शेरे मारणारं माणूस आधीच आहे, त्याने पैसे मोजून दुसरं आणावं का, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

सिनेमातून सुटलेला उमेदवार देशप्रेमात सापडतो. तो तेजस शोधतो. अधिकृत यादीत नाही. सुखोई-३० एमकेआय शोधतो, तेही नाही. लोहगावच्या आसपास राहून ज्याने त्या इंजिनांचा गडगडाट वर्षानुवर्षं ऐकलाय, त्याला हे फार लागतं. शेवटी नजर मिग-२१ बिसवर स्थिरावते. नाशिककराला तर हे घरचंच वाटतं, कारण याची भावंडं ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झाली. १९६३ साली हवाई दलात आलेल्या मिग-२१ ला २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निरोप दिला, तेव्हा बऱ्याच जणांचे डोळे पाणावले. पाणावलेल्या डोळ्यांनी खरेदी करू नये, हा या नियमाचा पोटनियम. मिग-२१ उडतं सरळ रेषेत, आणि अतिशय वेगाने. वळवायला गेलं की त्याचा त्रिकोणी पंख वेग खाऊन टाकतो. इंधन मोजकं. उतरताना वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणून शेपटीतून पॅराशूट सोडून थांबायचं. आणि ते सोडायची कळ ऐन वेळी सापडत नाही.

(यादीत जेएफ-१७ थंडरही आहे. चीन आणि पाकिस्तानने मिळून केलेलं. सिम्युलेटरमधली प्रतिकृती उत्तम, नवशिक्याला झेपण्यासारखी. ज्यांना ते आवडतं ते गुपचूप उडवतात. सोसायटीच्या गणपतीत त्याची चर्चा काढत नाहीत.)

आता जो उमेदवार स्वतःला समंजस समजतो, त्याच्याकडे वळू. त्याचं म्हणणं असं, की कॉम्प्युटर-बिम्प्युटर काही नको, दुसऱ्या महायुद्धातलं साधं विमान बरं. जुनं ते सोपं. हा माणूस स्पिटफायर घेतो. स्पिटफायरची शेपटी जमिनीवर आणि नाक आभाळाकडे, त्यामुळे समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. धावपट्टीपर्यंत नागमोडी जायचं. एकदा डावीकडून डोकवायचं, एकदा उजवीकडून. ब्रेक पायात नाहीत. स्टिकच्या गोल मुठीवर सायकलच्या ब्रेकसारखी कांडी असते, ती दाबायची, आणि तो ब्रेक कुठल्या चाकाला लागायचा ते पायातल्या रडरवर ठरतं. हे जमेस्तोवर मर्लिन इंजिन तापत असतं, कारण उभ्या विमानाच्या रेडिएटरला वारा कुठला लागणार? एकदाची धावपट्टी येते. थ्रॉटल पुढे. विमान डावीकडे ओढतं, उमेदवार उजवा रडर मारतो, जरा जास्तच मारतो, उजवीकडे जातं, मग घाबरून डावा. पंखाचं टोक जमिनीला लागतं आणि विमान गवतात तोंड खुपसून उभं राहतं. शत्रू अजून उठायचाय.

जर्मनांच्या बीएफ-१०९ ला हसण्याचं कारण नाही. त्याच्याही चाकांमधलं अंतर स्पिटफायरसारखंच चिंचोळं, आणि उठता-उतरता कोलमडण्याबद्दल ते खऱ्या युद्धातही बदनाम होतं. या काळातलंच टीएफ-५१डी मस्टँग डीसीएससोबत फुकट मिळतं, पण त्याला बंदूकच नाही. लढाऊ सिम्युलेटरमध्ये बिनबंदुकीचं विमान म्हणजे पंगतीत बसून उपास सांगण्यासारखं. तरीही ज्याला रडर शिकायचाय, त्याने इथेच शिकावा.

खरी गोम अशी आहे. विमान जितकं जुनं, तितकं उडवायला अवघड आणि लढायला सोपं. स्पिटफायर एकदा हवेत तरलं की काचेवर एक वर्तुळ दिसतं आणि बोटाखाली एक बटण असतं; बाकी नजर आणि नशीब. जितकं नवं, तितकं उलटं. एफ-१६ किंवा एफ/ए-१८ हॉर्नेटमध्ये स्टिक आणि पंख यांच्यामध्ये संगणक बसलेला असतो. वैमानिकाने काहीही मागितलं तरी विमानाला सोसेल तेवढंच तो देतो. सुरुवातीच्या एफ-१६ मधली स्टिक तर हलतच नव्हती. हाताचा दाब ओळखून काम करायची. वैमानिकांना ते काही रुचेना, म्हणून पुढे ती किंचित हलेल अशी केली. असं विमान शाळकरी पोरही सरळ उडवतं. पण एक क्षेपणास्त्र सोडायचं तर कुठला पडदा, कुठला मोड, अंगठ्याखालचा स्विच पुढे की मागे, याची शेकडो पानांची पुस्तिका असते. हा छंद आधीपासूनच पुस्तकी. १९९८ साली ‘फाल्कन ४.०’ हा सिम्युलेटर आला, तो सोबत जाडजूड बाइंडर घेऊन. ज्यांनी तो पुरता वाचला, त्यांच्या पदव्या कदाचित राहून गेल्या असतील.

नमुन्यादाखल हॉर्नेटची एक संध्याकाळ पाहावी. विमान नौकेच्या डेकवर थंड उभं आहे. बॅटरी चालू. एपीयू चालू. आधी उजवं इंजिन. आरपीएम दहाच्या वर गेला की थ्रॉटल आयडलला. ब्लीड एअरची गोल कळ एक पूर्ण फेरी फिरवायची. का, ते पुस्तिकेत आहे. मग डावं इंजिन. मग दिशादर्शक यंत्रणेचा खटका ‘सीव्ही’वर ठेवून काही मिनिटं नुसतं बसून राहायचं. स्वयंपाकघरातून बायकोची हाक येते.

“जेवायला येतोयस ना?”

“पाच मिनिटं. अलाइनमेंट चाललीय.”

“कसली?”

“आपण कुठे उभे आहोत, हे विमानाला अजून कळलेलं नाही.”

“मग सांग ना त्याला.”

हा उपाय अमेरिकी नौदलालाही सुचला होता. ‘सीव्ही’ मोडमध्ये तेच घडतं. हलत्या जहाजावर उभ्या विमानाला जहाजच आपला ठावठिकाणा सांगतं. पण हे तिला सांगायला गेलं तर वरण निवतं, म्हणून उमेदवार घाई करतो आणि दुमडलेले पंख उघडायचे विसरतो. यात लाज वाटून घेऊ नये. १९६० साली इटलीत नेपल्सहून अमेरिकी नौदलाचा एक खराखुरा वैमानिक खऱ्याखुऱ्या एफ-८ क्रुसेडरमधून पंख दुमडलेल्या अवस्थेत उडाला, आणि सुखरूप उतरलाही. सिम्युलेटरमध्ये पाण्यातच उतरणं होतं. ही सगळी यातायात टाळायची तर डावी विंडोज कळ आणि होम एकत्र दाबावी. विमान आपलं आपण चालू होतं. कट्टर मंडळी याला पाप समजतात. समजोत बापडी.

ए-१० बद्दल चांगलंच बोलावं लागेल. २०११ पासून हे डीसीएसमध्ये आहे, धीम्या गतीचं आहे, नाकात सात नळ्यांची ३० मिलिमीटरची तोफ आहे आणि चुकायला भरपूर वेळ देतं. दुसरं विमान म्हणून घ्यावं. हेलिकॉप्टर मात्र पहिलं, दुसरं किंवा तिसरंही घेऊ नये. ते उडत नाही, नुसतं पडायचं पुढे ढकलत असतं.

विमानापेक्षा अवजारांवर जास्त पैसे घालवण्याचा एक टप्पा प्रत्येकाला येतो. ए-१० च्या मुठीची हुबेहूब धातूची नक्कल विकत मिळते, वजनाने वरवंट्याच्या जवळ जाणारी. फुकटच्या विमानाला ती लावणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मूठ पिळली की रडर फिरतो अशी साधी जॉयस्टिक पुष्कळ झाली. तीही नसेल तर झेड आणि एक्स या कळा आहेतच. आणि घरात कोणी ‘खेळणं’ म्हणालं तर एडविन लिंकची गोष्ट सांगावी. याच्या वडिलांचा अमेरिकेत बिंगहॅमटनला पियानो-ऑर्गनचा कारखाना होता. १९२९ मध्ये त्याने ऑर्गनचा भाता आणि पंप वापरून डुलणारं, कलंडणारं लाकडी विमान केलं; म्हणजे पायपेटीचाच लांबचा नातेवाईक. सुरुवातीला त्याला गिऱ्हाईक मिळालं ते मनोरंजन बागांचं. १९३४ साली खराब हवेत टपाल वाहताना लष्कराचे वैमानिक एकामागून एक मेले, तेव्हा लष्कराने त्यातली सहा यंत्रं विकत घेतली. ही गोष्ट ऐकून घरचे गप्प बसतीलच असं नाही, पण जेवणापर्यंतचा वेळ निघतो.

आता शिफारस. डीसीएससोबत फुकट मिळणारं दुसरं विमान म्हणजे सुखोई-२५टी. फुकट ते पौष्टिक, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असूनही याच्याकडे कोणी बघत नाही, कारण ते दिसायला बरं नाही. मुळात ही दोन आसनी प्रशिक्षण विमानाची सुधारलेली आवृत्ती. मागच्या वैमानिकाच्या जागी यंत्रसामग्री कोंबली, म्हणून पाठीवर कुबड आलंय. नाटोने नाव ठेवलं फ्रॉगफूट, म्हणजे बेडकाचा पाय. रशियन वैमानिक त्याला ग्राच म्हणतात. तो कावळ्याच्या कुळातला पक्षी. कॉकपिटमधल्या कळा माउसने दाबल्या जात नाहीत, सगळं कीबोर्डवरून. पण मोजक्या कळा पाठ केल्या की संध्याकाळ सुरू. चाकांना जी, फ्लॅपना एफ, ब्रेकला डब्ल्यू. ‘श्क्वाल’ कॅमेऱ्याचा छोटा कृष्णधवल पडदा, जुन्या दूरदर्शनची आठवण करून देणारा, त्यात आठेक किलोमीटरवरचा रणगाडा दिसतो. पंखांखाली विखर क्षेपणास्त्रं, एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला आठ. ती लेझरच्या वाटेने जातात, म्हणून लक्ष्यावर आदळेपर्यंत नाक तिकडेच धरून ठेवावं लागतं. संयम आपोआप शिकला जातो, किंवा विमान पडतं. पडू लागलंच तर कंट्रोल आणि ई, तीनदा. एकदा दाबून भागत नाही. वैमानिकाच्या मनाची खात्री करून घेतली जाते.

बाकीची बहुतेक विमानं चौदा दिवस फुकट चालवून बघता येतात. तोवर बेडकाच्या पायावरच राहावं.

पहिला आठवडा असा जातो. सोमवारी उमेदवार धावपट्टीच्या बाजूच्या गवतात. मंगळवारी हवेत, पण चाकं बाहेरच. बुधवारी वीज जाते. गुरुवारी तो कॉकेशसच्या नकाशावर बाटुमीहून उडतो, काळ्या समुद्रावर एक मोठं वळण घेतो आणि कोबुलेटीची धावपट्टी समोर धरतो. चाकं बाहेर, फ्लॅप खाली, वेग जरा जास्त, नाक वर, धाड्, उसळी, पुन्हा धाड्. पी दाबल्यावर मागे पॅराशूट फुलतं. विमान धावपट्टीच्या मधोमध, किंचित तिरपं, पण अखंड उभं राहतं. तो एफ-२ दाबून बाहेरून बघतो, मग दुसऱ्या बाजूने बघतो, मग आतल्या खोलीत जाऊन बायकोला बोलावून आणतो. ती हात पुसत पडद्याकडे बघते आणि पंखांखालच्या नळ्यांकडे बोट दाखवून विचारते, “हे काय आहे?” सोळाच्या सोळा विखर जिथल्या तिथे असतात.