जलप्रसूतिविचार : हिंगोली जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रसूतीच्या कळा सुरू झाल्यावर गर्भवतीने कोमट पाण्याने भरलेल्या टबात छातीपर्यंत बुडून बसावे, आणि सर्व काही सुरळीत असेल तर बाळही त्याच पाण्यात जन्माला यावे, या पद्धतीस जलप्रसूती असे म्हणतात. ही व्याख्या निर्दोष असली तरी तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि ती म्हणजे पाणी. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या, हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत अशा पाच तालुक्यांच्या हिंगोली जिल्ह्यात हे गृहीतक पावसाळ्यात ठामपणे उभे राहते, हिवाळ्यात डळमळते आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसते. त्यामुळे जो प्रश्न इतरत्र केवळ स्त्रीरोगतज्ज्ञाच्या अखत्यारीत राहतो, तो येथे आजी, काका, आशाताई, गावात नळ सोडणारा कर्मचारी आणि साती आसरा या सर्वांच्या अखत्यारीत जातो. या सर्वांची मते क्रमाने ऐकून घेतल्यावाचून सिद्धांताकडे जाणे अशास्त्रीय ठरेल.

प्रथम इतिहास पाहावा. दोन दिवस कळा देऊन थकलेली एक फ्रेंच स्त्री विसाव्यासाठी कोमट पाण्यात उतरली आणि तेथेच बाळंत झाली, अशी नोंद एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झालेली आहे. मात्र पुढची दीडशेहून अधिक वर्षे या शोधाचा पाठपुरावा कोणी केला नाही. १९७४ साली फ्रेडरिक लबॉय्ये या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञाने जन्माच्या वेळी दिवे मंद असावेत, आरडाओरडा नसावा आणि बाळाला लगेच कोमट पाण्यात धरावे, असे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला. याच लबॉय्ये यांनी दोन वर्षांनी, कोलकात्यातील एक आई आपल्या तान्हुल्याला पसरलेल्या पायांवर घेऊन तेलाने कशी चोळते, यावर छायाचित्रांसह दुसरे पुस्तक काढले, आणि जे काम कळमनुरीच्या कोणत्याही घरात आजी रोज सकाळी रेडिओ ऐकत करते, ते युरोपात तंत्र म्हणून मान्यता पावले. त्यानंतर पॅरिसच्या दक्षिणेकडील पितिव्हिए या गावी मिशेल ओदाँ यांनी आपल्या रुग्णालयात कळा सुसह्य व्हाव्यात एवढ्याच हेतूने पाण्याचा हौद ठेवला. त्यात बसलेल्या काही स्त्रिया ऐन वेळी बाहेर यायला तयार होईनात, म्हणून बाळांना पाण्यात यावे लागले, आणि १९८३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या प्रसूतींचा वृत्तांत छापून आला. जलप्रसूतीच्या आधुनिक शास्त्राचा पाया असा एका बाईच्या ‘मी उठणार नाही’ या म्हणण्यावर घातला गेला आहे, हे अभ्यासकाने विसरू नये. भारतात ही पद्धत कोची, हैदराबाद, गोवा अशा ठिकाणच्या मोजक्या केंद्रांपर्यंत पोहोचली, २०२० साली कल्की कोचलिन या अभिनेत्रीच्या प्रसूतीमुळे तिचा बोलबाला झाला, आणि तेथून ती मोबाइलच्या मार्गाने वसमत तालुक्यात आली.

स्वदेशी पूर्वाधार शोधू जाता दोन सापडतात, आणि दोन्ही गैरसोयीचे आहेत. अगस्ती ऋषी घटात जन्मले, म्हणून त्यांना कुंभसंभव म्हणतात. परंतु जन्मासाठी घेतलेले घडाभर पाणी फेडायचे सोडून मोठेपणी त्यांनी अख्खा समुद्र पिऊन टाकला, त्यामुळे पाणीपुरवठा विभाग हे उदाहरण अनुकूल मानण्याची शक्यता नाही. दुसरा आधार जिल्ह्याच्या अगदी जवळचा आहे. कयाधू नदीकाठचे नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते, आणि महिपतींच्या ‘भक्तविजया’त मात्र नामदेव भीमेच्या पात्रात शिंपल्यातून वाहत आलेले दामाशेटींना सापडले, अशी कथा आहे. ही कथा जलप्रसूतीच्या बाजूने लावावी, तर जन्म भीमेच्या खात्यावर जाऊन नरसीचा मान जातो. नरसीचा मान राखावा, तर जन्म कोरड्या जमिनीवर झाला असे मानावे लागते. म्हणून जिल्ह्यातील कोणत्याही सुज्ञ पक्षकाराने हा मुद्दा पुढे करू नये.

आता पूर्वपक्ष, म्हणजे सिद्धांत मांडण्याआधी ऐकून घ्यावयाचे विरोधी म्हणणे. या वादाचा प्रसंग बहुधा एकाच प्रकारे उद्भवतो : पुण्यात नोकरी करणारी लेक पहिल्या बाळंतपणासाठी रीतीप्रमाणे माहेरी येते, आणि एका संध्याकाळी, भाकरी थापणाऱ्या आईकडे न पाहता, जलप्रसूतीचा विषय काढते. पहिला आक्षेप आजीचा असतो. विहीर, नदी, तळे येथे वास करणाऱ्या साती आसरा या जलदेवता गर्भवतींना आणि ओल्या बाळंतिणींना धरतात, ही समजूत मराठवाड्यात जुनी आहे. तिच्या आधारे आजी म्हणते, “माय, भर दुपारी गरवार बाईनं हिरीकडं फिरकू नाही म्हणतेत, अन् तू त्याच्यातच बसती म्हणतीस?” टब ही विहीर नव्हे असा प्रतिवाद केल्यास, आसरांना तो फरक कोणी कळवायचा, असा प्रतिप्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर आजपर्यंतच्या वैद्यकीय वाङ्मयात मिळत नाही.

आईचा आक्षेप तात्त्विक नसून व्यावहारिक असतो. पाण्यात बसताना अंगावर काय ठेवायचे आणि त्या वेळी खोलीत कोण कोण असते, एवढेच तिला हवे असते. गाऊन चालतो आणि फक्त नर्सबाई व डॉक्टर असतात, हे ऐकून ती भाकरी उलटते, म्हणजे तिचा विरोध अर्धा मावळतो. वडील मुलीशी या विषयावर थेट बोलत नाहीत, ते अंगणातूनच “किती लिटर लागतंय म्हणावं?” असा प्रश्न घरात पाठवतात. काकांचा मात्र विरोध नसतो, आणि सर्वांत मोठी अडचण तीच ठरते. हिंगोली जिल्हा हळदीसाठी प्रसिद्ध आहे. हळद काढल्यावर ती शिजवावी लागते. पूर्वी हे काम मोठ्या लोखंडी कढईत होई, आता वाफेवर चालणारा कुकर शेतात आणतात. एवढे पाणी एका वेळी तापवण्याचा अनुभव जिल्ह्यात आपल्याखेरीज कोणाला आहे, असे विचारून काका कुकरवाल्याला फोन लावण्याची तयारी दाखवतात. हळद शिजली की नाही हे काडी टोचून पाहतात आणि ही कसोटी प्रसूतीस लागू नाही, हे त्यांच्या ध्यानात आणून द्यावे लागते.

जावयांचे स्थान या वादात विशेष आहे. ते पुण्याहून रोज नवा व्हिडिओ पाठवतात, आणि हा अनुभव दोघांनी मिळून घ्यायचा असतो, असे सांगतात. तथापि काही व्हिडिओंत नवराही टबात उतरून बायकोला पाठीमागून आधार देत बसलेला दिसतो, आणि सासुरवाडीच्या माणसांसमोर हाफ पँटवर पाण्यात बसण्याची कल्पना लक्षात आल्यावर जावयांचे पुढचे दोन दिवस ‘मीटिंगमध्ये’ जातात.

आशाताईंचा आक्षेप वेगळ्या जातीचा असून तो गंभीरपणे घ्यावा लागतो. बाळंतपण दवाखान्यात व्हावे म्हणून २००५ पासून जननी सुरक्षा योजना, आणि दवाखान्यातले बाळंतपण मोफत व्हावे म्हणून २०११ पासून जननी शिशू सुरक्षा कार्यक्रम राबवला गेला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के प्रसूती दवाखान्यात झाल्याचे दिसते, आणि त्या आकड्यामागे रात्री-अपरात्री कोणाच्या तरी दारात गाडीची वाट पाहत उभ्या राहिलेल्या आशाताई आहेत. “दवाखान्यात चला, दवाखान्यात चला म्हणून घसा कोरडा पडला,” त्या म्हणतात, “आता टबात चला म्हणू का?” टब दवाखान्यातच असावा लागतो आणि घरी, प्रशिक्षित माणसावाचून, पिंपात बसून बाळंत होणे म्हणजे जलप्रसूती नसून अपघात होय, हे स्पष्ट केल्यावरच त्या चहा घेतात.

वैद्यकशास्त्राचे म्हणणे या गदारोळात सर्वांत मवाळ आहे. प्रसूतीच्या तीन अवस्था मानतात : कळा येऊन गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडेपर्यंत पहिली, तेथून बाळ बाहेर येईपर्यंत दुसरी आणि वार पडेपर्यंत तिसरी. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, १५ चाचण्यांतील ३,६६३ स्त्रियांची माहिती पाहण्यात आली. पहिल्या अवस्थेत पाण्यात बसल्याने कंबरेतून वेदनाशामक देण्याची गरज काहीशी कमी होते, एवढे त्यातून निघाले; दुसऱ्या अवस्थेबद्दल ठाम बोलण्याइतका पुरावा मिळाला नाही. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली, कळा पाण्यात द्या पण बाळ जमिनीवर होऊ द्या, असा मध्यममार्ग सुचवला. ब्रिटनमध्ये मात्र प्रशिक्षित दाईच्या देखरेखीखाली दोन्ही चालते. बाळ बुडत कसे नाही, या आजीच्या प्रश्नाचे उत्तर असे की नाळेतून प्राणवायू मिळत असेपर्यंत आणि हवेचा व गारव्याचा स्पर्श होईपर्यंत निरोगी बाळ सहसा श्वास घेत नाही. परंतु ते बाहेर येताच अलगद वर काढावे लागते, नाळेला हिसका बसता कामा नये, आणि पाणी स्वच्छ नसेल तर जंतुसंसर्ग होतो. शिवाय बाळ एकच असावे, डोके खाली असावे, दिवस भरलेले असावेत, आईला रक्तदाब वा मधुमेह नसावा आणि अंगात रक्त पुरेसे असावे, अशा अटी आहेत. ज्या राज्यात त्याच सर्वेक्षणानुसार ४५ टक्क्यांच्या वर गर्भवती रक्तक्षयी निघतात, तेथे जवळजवळ निम्म्या स्त्रियांचा जलप्रसूतीचा निर्णय शेवटच्या अटीवरच लागतो. टबाची चौकशी करणाऱ्यांना एखादी सिस्टर याहून थोडक्यात उत्तर देते : “बाई, इथं पाणी प्यायला पुरवताना नाकी नऊ येतेत, बसायला कुठून आणू?”

येथे वडिलांच्या लिटरच्या प्रश्नाकडे वळणे प्राप्त आहे. प्रसूतीच्या टबाला सहाशे लिटरच्या आसपास पाणी लागते. दोनशे लिटरच्या प्लास्टिकच्या पिंपात मोजले तर ही तीन पिंपे होतात, पंधरा लिटरच्या हंड्यात मोजले तर चाळीस हंडे होतात, आणि जलजीवन मिशनच्या दरडोई दररोज ५५ लिटरच्या हिशेबाने हे अकरा माणसांचे एका दिवसाचे पाणी होते. गर्भाशयात बाळाला नऊ महिने लिटरभर पाण्याच्या आतच भागवता येते, ही गोष्ट वडील या ठिकाणी काहीशा कौतुकाने नमूद करतात. पाणी ३६ ते ३७ अंश सेल्सिअस असावे, साडेसदतीसच्या वर जाऊ नये, असाही दंडक आहे. इंग्लंडमध्ये हे पाणी तापवण्याची चिंता असते; मे महिन्यात हिंगोलीत गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी अंगावर घेववत नाही, त्यामुळे येथे ते निववण्याची चिंता पडते, आणि त्यासाठी लग्नाच्या मांडवात आणतात त्या बर्फाच्या लाद्या सुचवल्या जातात. नळाचे वेळापत्रक ही आणखी एक गुंतागुंत होय. नळ चौथ्या दिवशी येतो आणि शंभरातली जेमतेम चार-पाच बाळे डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला येतात; या दोघांची गाठ पडण्याचा योग पंचांगातही काढता येत नाही. शेवटी वापरलेल्या पाण्याचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. थेंबभर पाणीही वाया जाऊ द्यायचे नाही, ही घराची एक शिस्त. विटाळाचे पाणी झाडाला घालायचे नाही, ही दुसरी. लिंबाच्या झाडाला काय वाटेल, यावर आजी आणि आई यांच्यात प्रथमच मतभेद होतो.

एवढा खल होऊनही एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे लेकीला टब कशासाठी हवा होता हे तिला कोणी विचारत नाही. विचारले तर उत्तर साधे निघते : तिला कळांची भीती वाटते, आणि कंबर दुखते तेव्हा गरम पाण्याने बरे वाटते. या उत्तरात कॉक्रेन आढाव्याचे अर्धे सार आलेले आहे, आणि त्यासाठी सहाशे लिटर लागत नाहीत. कळा देताना उठून फिरू देणे, शेजारी आपले माणूस असू देणे, आणि डॉक्टरांची हरकत नसेल तेव्हा न्हाणीघरात स्टुलावर बसवून कंबरेवर कोमट पाणी ओतणे, ही व्यवस्था दोन बादल्यांत होते. प्रसूतीच्या वेळी सोबतीण असावी, असे केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही म्हटले आहे, त्यामुळे पाणी ओतायला आई आहेच.

मात्र जलप्रसूतीच्या या वादातून एक सत्य अनवधानाने बाहेर येते, आणि ते दोन बादल्यांनी झाकले जात नाही. या जिल्ह्यात बाई पाण्याकडे जाते : हापशावर जाते, विहिरीवर जाते, टँकरच्या रांगेत उभी राहते, आणि पोटात सातवा महिना असला तरी डोक्यावरचा हंडा कोणी फारसा उतरवून घेत नाही. चाळीस हंडे तिने उन्हाळ्याच्या एका आठवड्यात सहज वाहिलेले असतात आणि त्या वेळी लिटरचा हिशेब कोणी मांडलेला नसतो. पाण्याने बाईकडे यावे, असे टब प्रथमच सुचवतो. आसरा, बर्फ, विटाळ आणि नळाचे वेळापत्रक ही सारी अडचणींची यादी खरे तर या एका सूचनेने दचकलेल्या घराची आहे. त्यामुळे सिद्धांत असा मांडावा लागतो : टब मिळो वा न मिळो, जलप्रसूतीतील ‘जल’ हा भाग घरातल्या पुरुषांनी वाहावा, ‘प्रसूती’ हा भाग पार पाडण्यास ती समर्थ आहे. त्यानुसार काकांना कुकरवाल्याचा फोन ठेवायला सांगून टँकरच्या रांगेत उभे करावे, आणि दोघांनी मिळून अनुभव घेण्याचा आग्रह धरणाऱ्या जावयांना पुण्याहून बोलावून घेऊन, वॉर्डच्या दारापर्यंत गरम पाण्याच्या दोन बादल्या आणण्याचे काम द्यावे; त्यासाठी त्यांनी फुल पँट घातली तरी चालते.