तळघरातला जावई

अमेरिकेतल्या घरांत तळघरातली, घर तापवणारी गॅसची फर्नेस ऑक्टोबरात कधी बंद पडत नाही. ती मान टाकते जानेवारीत, पारा शून्याखाली गेल्यावर, शक्यतो शनिवारी रात्री. मग बुटांवर निळी आवरणं चढवून, टॅबलेट घेऊन तंत्रज्ञ अवतरतो. पुष्कळदा बर्नरपुढच्या बोटभर फ्लेम सेन्सरवर थर साचलेला असतो. स्टील वूलने घासला की भागतं. पण टॅबलेटवर घासायचा पर्यायच नसतो. तिथे नव्या फर्नेसचे ‘गुड’, ‘बेटर’, ‘बेस्ट’, आणि ‘गुड’सुद्धा हजारो डॉलरना. हीट एक्स्चेंजरला तडा गेलाय, कार्बन मोनॉक्साइड पसरेल, असंही सांगतात. तडा खराही असतो, जीवघेणाही. पण ‘दाखवा’ म्हटलं की कॅमेरा नेमका गाडीत राहिलेला!

अडला हरी ‘बेस्ट’वर सही करतो. ही ९७ टक्के कार्यक्षम, म्हणजे तिचा धूर थंड, जुन्या धुराड्याला न चालणारा. आला पीव्हीसी पाइप, आलं भिंतीला भोक. जुन्या धुराड्याला जोडलेल्या, आता एकट्या पडलेल्या वॉटर हीटरसाठी तिथे नवं अस्तरही. सरकारची ६०० डॉलरपर्यंतची करसवलत होती, तीही २०२५ सरताना संपली. हप्त्यांची सोय मात्र बारमाही.