जिवतीत म्हणे गंजाचा आरसा झाला

ऐकलंत का? माणिकगडाच्या पहाडावर एक साथ आली आहे आणि दवाखान्यात तिच्यावर औषध नाही. स्टीलचे गंज-गुंड, म्हणजे पातेली-घागरी, चमकवण्याची साथ! आठवडी बाजारात बायका पूर्वी कापसाच्या भावावर बोलत, सुनेच्या माहेरावर बोलत. आता एकच प्रश्न, "तुह्या गंजात तोंड दिसते काय वो?" नाही दिसत म्हटलं की संपलंच. त्या घरात पोरगी द्यावी की नाही, इथपर्यंत गोष्ट जाते बाप्पा!

सगळा दोष मोबाइलचा. नखं रंगवलेली कुणी बाई शहरातल्या गुळगुळीत ओट्यावर काळीठिक्कर कढई ठेवते, पांढरा सोडा भुरभुरते, वरून व्हिनेगर ओतते. भस्सकन फेस येतो आणि पुढच्या क्षणाला कढई नवी कोरी. मधल्या वेळात कुणाचे हात भरून आले, ते दाखवत नाहीत. आता कुणाला सांगू नका, पण तो फेस म्हणजे दोघांची मारामारी आहे. सोडा अल्क, व्हिनेगर आम्ल. दोघं एकमेकांना खातात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरतो एक निरुपद्रवी क्षार, ज्याच्याने ना तेल निघत ना डाग. वेगवेगळे वापरले तर दोघंही कामाचे. सोडा टाकून पाणी उकळलं की बुडाला करपलेली डाळ सुटते, आंबट लावलं की पांढरे डाग जातात. पण सुखाचा संसार कोण पाहतो? लोकांना भांडण पाहिजे.

पांढऱ्या डागांवरून तर एका सासूने सुनेला पार आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. गुंडावर पांढरट थर दिसला आणि निकाल लागला, "घासते कुठं, नुसतं पाणी दाखवते!" सून निर्दोष आहे हो. खरा आरोपी पायाखाली आहे. हा मुलूखच चुनखडीचा. खाली गडचांदूर, आवारपूर, उपरवाहीच्या सिमेंट कारखान्यांचं पोट याच दगडावर भरतं. तोच चुना विहिरीच्या पाण्यात उतरतो. धुतलेलं भांडं उन्हात वाळलं की पाणी उडतं आणि चुना तिथंच बसतो. त्यावर घासणी मारून मनगट जाईल, डाग जाणार नाही. चिंचेचा कोळ चोळा, थोडा वेळ राहू द्या, धुवा आणि लगेच फडक्याने कोरडं करा. मोठ्या आचेने बुडाला येणारे निळे-जांभळे पट्टे पाहून काही जणी "विष उतरलं" म्हणून घाबरतात, तेही त्याच कोळाने जातात. पण चिंच अंगणात पडते ना! फुकटच्या वस्तूची कधी फॅशन झाली आहे का?

आणि ती तारेची घासणी! बाई गं! १९१३ मध्ये शेफिल्डचा हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळीसाठी न झिजणारं पोलाद शोधत होता, त्यातून हे न गंजणारं पोलाद हाती आलं. त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. हवा लागली की वर क्रोमियम ऑक्साइडचा, डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा धरतो. ओरखडा गेला तरी तो आपोआप पुन्हा धरतो. इतकं गुणाचं भांडं, आणि आपण त्यावर लोखंडी तारेचा गोळा घेऊन तुटून पडायचं! तारेचे बारीक कण भांड्यावर रुततात, दोन दिवसांत तांबूस ठिपके उमटतात, आणि मग बाजारभर बोंब, "स्टीललाबी जंग येते, दुकानदारानं ठकवलं!" काही जणी तर रात्रभर ब्लीच ओतून ठेवतात. त्यातल्या क्लोरीनने भांड्याला बारीक खड्डे पडतात.

दुकानदाराला पकडायला आता लोहचुंबक घेऊन फिरणाऱ्याही निघाल्या आहेत. चिकटलं की नकली, नाही चिकटलं की अस्सल. न्याय झटपट, पण चुकीचा. निकेल न घातलेलं, तरी पक्कं न गंजणारं स्टील चुंबकाला चिकटतं. आणि निकेल वाचवून मँगनीज वाढवलेलं स्वस्त स्टील चिकटत नाही, पण डाग मात्र लवकर धरतं. म्हणजे गरीब बिचारं भांडं सुटतं की फसतं, ते नशिबावर.

एका घरी तर घासून घासून ताटावरचं नावच पुसट झालं म्हणे. 'सप्रेम भेट' तेवढं वाचता येतं, भेट कुणाची ते कळत नाही. आत्याबाई वास्तुशांतीला आल्या, ताट उलटंपालटं करून पाहिलं आणि जेवणभर गप्प. आता सांगा, चूक कुणाची?

तेलंगणाच्या सीमेवरच्या १४ गावांत वेगळीच गंमत. तिथं दोन राज्यांची रेशनकार्डं. महाराजगुड्यातलं एक घर २०२२ च्या डिसेंबरात बातम्यांत गाजलं, निजायची खोली महाराष्ट्रात आणि स्वयंपाकघर तेलंगणात. गॅसची टाकी २०१६ नंतर घरोघर आली खरी, पण ती भरून आणायला पैसे लागतात, म्हणून चूल पेटतेच. मग काजळी कोणत्या राज्याची आणि घासायची कोणी?

म्हाताऱ्या बायांना हे सगळं ऐकून हसू येतं. चुलीवर चढवण्याआधी गंजाच्या बुडाला त्या ओल्या मातीचा हात फिरवतात. बोटांचे फराटे दिसतात तेवढा जाडसर. काजळी त्या लेपावर धरते आणि पाण्याच्या एका हबक्याने लेपासकट खाली येते. उन्हाळ्यात जिथं गुंडभर पाण्यासाठी उतार उतरावा लागतो, तिथं हेच परवडतं. पण हे रीलमध्ये दाखवलं तर बघणार कोण?

खरा तमाशा झाला एका साखरपुड्याला. गावभराचा वरण-भात शिजायचा होता आणि मोठा गंज द्यायला एकही घर तयार नाही. "चुलीवर ठेवाल, चमक जाईल." शेवटी एका आजीने पिढीजात जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, पातेलं काढून दिलं, ठोके पडलेलं, काळंकुट्ट. जेवणं झाली, आणि उपकार फेडायच्या नादात एक उत्साही सून त्यावर धुण्याचा सोडा भुरभुरायला लागली. सोड्याने जर्मन आणखी काळं पडतं, हे आजीला ठाऊक होतं. तिने लांबूनच पळी उगारली.