रबराचे चार तुकडे आणि येडं झालेलं अष्टागर

काय म्हणावं आता या लोकांना! मृगाच्या तोंडावर अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत प्रत्येक घर आगोटीला लागतं. सुकट, बोंबील, सोडे, वर्षाचा मसाला, पांढऱ्या कांद्याच्या माळा. एवढं भरून झालं की खुशाल पाऊस येऊ दे, अशी आपली पूर्वापार रीत. या यादीत आता एक नवंच कलम घुसलंय. मडफ्लॅप! गाडीच्या चाकामागे लोंबणारे रबराचे चार तुकडे. शेजारीण कुंपणावरून डोकावते ती सोडे काय भावानं मिळाले हे विचारायला नव्हे. "तुमच्या गाडीला लावून झाले का हो? कंपनीचे की बाहेरचे?" कलियुग म्हणतात ते आणखी वेगळं काय असतं?

अहो, कालपरवापर्यंत मडफ्लॅप ही ट्रकवाल्यांची मिरास होती. डंपर, एसटी, रेतीच्या गाड्या यांनी ते मिरवावेत, त्यावर कुणी वाघ रंगवावा, कुणी कमळ काढावं. आपल्या घरच्या वॅगन-आरला कशाला हवेत हे लोंबते कान, असं नाकानं पांढरे कांदे सोलत म्हणणारे आपणच होतो ना? शोरूमवाल्यानं गाडीसोबत मडफ्लॅपचा सेट पुढे केला तेव्हा 'नको नको, उगाच बिल फुगवतो मेला' म्हणून तो बाजूला सारणारेही आपणच. आणि आता? पोयनाडच्या बाजारात गाडी उभी करून आपण दुसऱ्याच्या गाडीच्या चाकामागे वाकून बघतो. भर रस्त्यात! चारचौघांत! जनाची नाही, निदान मनाची तरी?

दोष द्यायचा तर पहिला मान महामार्गाचा. मुंबई-गोवा रस्त्याच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा पाळण्यात असलेल्या पोरांना आता मिसरूड फुटलं. रस्त्याचा आकडा १७ चा ६६ झाला. खड्डा भरला, परत पडला, परत भरला. आणि गाडीला मडफ्लॅप बसवायला लागतात पाऊण तास! आता सांगा, माणसानं कशाची वाट बघायची आणि कशाचा नाद करायचा?

त्यात भर म्हणून १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू आला. २१.८ किलोमीटर, बराचसा खाडीवरून. खाली सगळं पाणीच पाणी, पण गाडीवर शिंतोडा म्हणाल तर नाही. मुंबईकर मोठ्या तोऱ्यात सेतू उतरतो, आणि वडखळचा नाका गाठेस्तोवर त्याच्या पांढऱ्या क्रेटाचा रंग पोलिसालासुद्धा सांगता येत नाही. कमरेच्या वर पांढरी, खाली चिखली. दाराला हात लावायची सोय नाही. साडी नेसलेल्या बाईनं उतरावं कसं? ती उतरतच नाही. पाय उचलून, पदर सावरून, एका बाजूनं घसरत जे काही करते त्याला उतरणं म्हणत नाहीत.

'अलिबागसे आया है क्या' हे ऐकून आपले कान किटले होते. हा आपल्या गावाचा अपमान आहे, त्यावर बंदी घाला, म्हणून एक गृहस्थ थेट मुंबई उच्च न्यायालयात गेले होते, ठाऊक आहे ना? २०१९ मध्ये न्यायालयानं याचिका फेटाळली, विनोद म्हणून घ्या म्हणाले. घेतला. आता फेड सुरू आहे. शनिवारी सकाळी मांडव्याच्या जेट्टीवर रो-रोमधून गाड्या उतरायला लागल्या की आमची पोरं कठड्याला टेकून उभी. चकचकीत गाडी, चारही चाकांमागे सगळा मोकळा कारभार. लगेच एक जण दुसऱ्याला कोपर मारतो, "मुंबईवरून आलाय वाटतं!" कोर्टात जा म्हणावं आता.

बसवायचा सोहळा तर बघण्यासारखा. मेच्या शेवटी नाक्यावरच्या गॅरेजसमोर एमएच-०६ची रांग. कारागीर पोरगा स्टिअरिंग एका अंगाला पार शेवटपर्यंत कापायला लावतो, म्हणजे पुढच्या चाकामागची पोकळी उघडी पडते. मग हातात डिसमिस घेऊन आत शिरतो. चाकाच्या वर जो काळा प्लास्टिकचा लायनर असतो, त्याचे कडेचे स्क्रू काढायचे, मधल्या फटीत फ्लॅप सरकवायचा आणि त्याच भोकांतून स्क्रू परत घ्यायचे. आधी सगळे नुसते धरवायचे, फ्लॅप सरळ बघायचा, आणि मगच आवळायचे. आवळताना जोर केला की प्लास्टिकचा आटा गेलाच म्हणून समजा. मग पुन्हा स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत, चाक कुठे घासतंय का ते बघायला. काम एवढंच. पण भोवती माणसं किती? गाडीचा मालक, मालकाचा मेव्हणा, शेजारचा चहावाला, मिनिडोरचे दोन ड्रायव्हर आणि वाट चुकून आलेला एक निवृत्त मास्तर. प्रत्येकाचं मत वेगळं. "डावा अर्धा इंच खाली आहे." "वायसर टाक रे, वायसर!" आणि सगळ्यांत मोठा हंबरडा कधी फुटतो, तर पोरगा ड्रिल मशीन हातात घेतो तेव्हा. "पत्र्याला भोक पाडायचं नाही! सांगून ठेवतो!"

या एका बाबतीत मात्र आरडाओरडा करणाऱ्याला नावं ठेवायला आपण धजत नाही. खाऱ्या वाऱ्यात उघडा पत्रा म्हणजे गंजाला पाट मांडून दिलेलं आवतण. कंपनीच्या मापाचा फ्लॅप मूळच्या भोकांत बसतो. बाजारातला सरसकट सगळ्या गाड्यांना चालणारा घेतला की एखादं भोक पाडावं लागतं, आणि त्या भोकाच्या कडेला प्रायमर, रंग काही न लावता स्क्रू ठोकला तर पुढच्या पावसाळ्यात तिथून तांबूस ओघळ यायला लागतो. म्हणून जाणती मंडळी खिशातून स्टीलचे न गंजणारे स्क्रू स्वतः घेऊन येतात. हो, स्वतः! लग्नाच्या मुलीला स्थळ बघताना एवढी चौकशी केली नव्हती, तेवढी स्क्रूची करतात.

आता यातलं खरं भांडण ऐका. पुढचे दोन की मागचे दोन? पुढच्या चाकानं उडवलेला चिखल आणि खडी जाते आपल्याच दाराखालच्या पट्टीवर. म्हणजे पुढचे फ्लॅप आपल्या कामाचे. मागच्या चाकाचं उडतं ते मागून येणाऱ्याच्या काचेवर. म्हणजे मागच्या फ्लॅपचे पैसे आपण मोजायचे आणि सुख भोगायचं ते मागच्या अनोळखी इसमानं! असा परोपकार आपल्या रक्तात आहे का? नाही. म्हणून काही महाभाग दोनच लावतात. पुढचे. आणि मग कार्लेखिंडीच्या चढावर तशाच एका महाभागाच्या मागे लागले की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. बरं, मागचे फ्लॅप लावून आपली मागची काच स्वच्छ राहते म्हणावं, तर तेही नाही. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा भोवरा तयार होतो, तो उडालेलं बारीक गाळपाणी ओढून थेट काचेवर आणून लावतो. थोडं कमी होतं, एवढंच. पण हे लावलेल्या माणसाला सांगून बघा! "काच बघितलीस? आरसा!" म्हणतो. काच पुसायचं फडकं त्याच्याच खांद्यावर असतं.

आणि नावांचा गोंधळ? पोरांनी फ्लॅपवर आई एकविरेचं नाव छापून घेतलं आणि घराघरांत महाभारत झालं. देवीचं नाव चिखलात? आजीनं दोन दिवस तोंड बघितलं नाही. शेवटी तह ठरला: देवी काचेवर, आडनाव फ्लॅपवर. आता आडनावाला चिखल लागला तर चालतो म्हणे. आपल्याला काय, आपण फक्त वाचत जातो. वडखळ ते अलिबाग एवढ्या अंतरात सगळ्या तालुक्याची वंशावळ चाकाखालून वाचून होते.

रंगांचं तर विचारूच नका. लाल रबर, निळं रबर, पिवळं रबर. रॅलीच्या गाडीला असतात म्हणून इकोला! ती इको सकाळी नागावच्या वाडीतून नारळ वाहते आणि दुपारी शाळेची पोरं सोडते. तिचा वेग बैलालासुद्धा हसू येईल इतका. पण मागून बघावं तर वाटतं, आत्ता वाळवंट पार करून आली.

तिकडे पर्यटकांची तऱ्हा निराळी. माणशी पैसे भरून ही मंडळी भातलावणीच्या सहलीला येतात. चिखलणी केलेल्या खाचरात गुडघाभर उतरतात, एकमेकांच्या तोंडाला चिखल फासतात, फोटो काढतात. आणि परत जाताना गाडीच्या दारावर दोन थेंब दिसले की "शी!" करतात. याला काय नाव द्यायचं? आणखी काही शूर गाडी घेऊन थेट पुळणीवर. नेऊ नका, नेऊ नका म्हणून किनाऱ्यावरची माणसं घसा फोडतात. काशीदला असो की नागावला, गाडी वाळूत रुतते, भरती वर चढायला लागते आणि साहेब घाबरून रिव्हर्स टाकतात. रिव्हर्स म्हटलं की मऊ फ्लॅप चाकाखाली दुमडतो, आणि चर्रर्र! मग ट्रॅक्टर बोलवा, दोर बांधा, गाडी ओढा. गाडी निघाल्यावर साहेब काय शोधत फिरतात लाटांत? फ्लॅप.

आपल्याकडचे जुने जाणते मात्र निगेला वाघ आहेत. पाहुणे दारात उभे असले तरी हे गृहस्थ संध्याकाळी उकिडवे बसून चाकामागे पाइप धरणार. कारण मेख तिथेच आहे. चिखल अडवतो तो फ्लॅप, आणि अडवलेला चिखल जाणार कुठे? फ्लॅप आणि पत्रा यांच्या सांदीत बसतो. ओला, खारा, महिनोन्महिने. म्हणजे गंजापासून वाचायला लावलेली वस्तूच गंजाचं बिऱ्हाड व्हायची. म्हणून विहिरीचं गोडं पाणी मारायचं, बोटानं सांदीतला गाळ काढायचा, महिन्याकाठी स्क्रू चाचपायचे, गतिरोधकावर घासून कड कातरली असेल तर ती सारखी करायची. तेवढ्यात आतून आवाज येतो, "गेल्या वर्षभरात मोरी एकदा तरी घासलीत का हो?" उत्तर नाही. पाइपाचा आवाज मोठा असतो ना.

धर्मांतरं तर अशी झाली की कीर्तनात सांगावीत. मायलेज कमी होतं म्हणून गावभर व्याख्यानं देणारा एक काका गणपती आणायला हमरापूरला गेला. येताना पावसानं गाठलं, मूर्तीला प्लॅस्टिक होतं, गाडीला नव्हतं. घरी काकूनं आरतीचं तबक घेऊन आधी गाडीकडे बघितलं, मग काकांकडे. विसर्जनाच्या आत चारही फ्लॅप लागले. आता काका विचारतात, "मायलेज? कुणाला पडलंय मायलेजचं?"

आणि तुम्ही हसताय? हसा, हसा. 'असल्या खुळात आपण नाही बुवा' म्हणत इथवर सगळं चवीनं वाचलंत, वायसरसकट! काल चोंढीच्या नाक्यावर गाडी लावून तुम्ही कुणाच्या चाकामागे बोट घालून जाडी बघत होतात, ते बघणारे बघत होते. बरं, आता विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो: तुमचा मागचा डावा खालच्या स्क्रूतून सुटलाय. हमरस्त्याला लागायच्या आधी आवळून घ्या. आणि लाल कुठून आणलेत, तेवढं सांगा.