गुणिले दोनशे

मस्कतच्या मराठी माणसाजवळ एक यंत्र असतं. त्याला चार्जर लागत नाही, त्याचं सबस्क्रिप्शन भरावं लागत नाही आणि ते कायम चालू असतं, कारण ते डोक्यात असतं. रुवीच्या बाजारात हेडफोनवर 4.900 अशी चिठ्ठी दिसली की यंत्र सुरू होतं: गुणिले दोनशे, नऊशे ऐंशी. "अहो, लॅमिंग्टन रोडला सातशेत देतात," असं तो बायकोला सांगतो आणि हेडफोन जागेवर ठेवतो. पगार रियालमध्ये, घरभाडं रियालमध्ये, हेडफोन वापरायचा वादी कबीरच्या बसमध्ये. पण हिशेब मात्र मुंबईचा.

यात रियालचा काही दोष नाही. तो 1986 पासून डॉलरच्या खुंटीला बांधलेला आहे, एका रियालचे 2.60 डॉलर. चाळीस वर्षं तो जागचा हललेला नाही. घरंगळला तो आपला रुपया. 2010 च्या सुमारास हाच पाढा एकशेवीसचा होता, आता दोनशेच्याही वर गेला आहे. गंमत अशी, की 1970 पर्यंत ओमानात रुपयाच चालायचा. रिझर्व्ह बँकेने 1959 साली खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. रियालचे जे हजार बैसे होतात, ते बैसेही आपल्या पैशाचेच सख्खे भाऊ. तेव्हाच्या मस्कतकराला गुणाकार करावाच लागत नसे. बिचारा सुखाने खरेदी करत असेल.

गुणाकार करायला हरकत नाही. पण हे यंत्र नेमकं नको तिथे चालतं आणि हवं तिथे बंद पडतं.

टीव्हीचंच घ्या. कोकणात एकेकाळी आखातातून आलेल्या माणसाची किंमत त्याच्या खोक्यांवरून ठरे. आधी टू-इन-वन, मग व्हीसीआर, मग रंगीत टीव्ही. पुढे टीव्ही चपटा झाला तरी प्रथा चपटी झाली नाही. ब्लँकेटात गुंडाळलेला, नायलॉनच्या दोरीने करकचून बांधलेला, चारी बाजूंनी मार्करने नाव-गाव-तालुका लिहिलेला तो खोका मुंबई विमानतळाच्या पट्ट्यावर आला की चिपळूणहून गाडी घेऊन आलेल्या मेहुण्याचे डोळे भरून येत. मग 26 ऑगस्ट 2013 पासून सरकारने चपटा टीव्ही प्रवाशाच्या करमुक्त सवलतीतूनच काढून टाकला. त्या वेळी त्यावर 36.05 टक्के शुल्क लागलं. म्हणजे शंभर रियालचा टीव्ही ग्रीन चॅनलच्या दारात एकशेछत्तीसचा झाला, वर विमानाचं जादा वजन वेगळं. तेवढ्यात मेहुण्याला चिपळूणच्याच दुकानातून टीव्ही आणता आला असता, बिलासकट आणि भिंतीवर लावून देणाऱ्या माणसासकट. पण हा गुणाकार कोणी करत नाही, कारण हेडफोन स्वतःसाठी असतो आणि टीव्ही मेहुण्यासाठी. इथे प्रश्न इभ्रतीचा असतो.

फोनची कथा याहून सरस. सॅमसंगने 2018 मध्ये नोएडात भलाथोरला कारखाना उघडला, श्रीपेरुंबुदुरला आयफोन जोडले जातात. मस्कतहून हौसेने आणलेल्या 'फॉरेन'च्या फोनचा डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचली, तर क्वचित 'मेड इन इंडिया'ही सापडायचं. वॉरंटी मात्र बहुधा जिथे विकला त्या देशापुरती. माल स्वदेशी, तक्रार परदेशी.

आता खर्चाच्या दुसऱ्या टोकाला येऊ. ओमानातल्या भिंतीवर इंग्रजी धाटणीचं सॉकेट असतं, चौकोनी तीन पिनांचं. वीज 240 व्होल्ट, 50 हर्ट्झ, म्हणजे सांगलीचा मिक्सर इथे सुखाने फिरतो. अडचण फक्त पिनेची. तिच्यावरचा मराठी तोडगा असा: उजव्या हातात चार्जरची भारतीय दोन पिनांची वायर, डाव्या हातात बॉलपेन. पेनाचं टोपण सॉकेटच्या वरच्या भोकात खुपसायचं, आतली झडप सरकते, मग खालच्या दोन भोकांत गोल पिना दामटायच्या. 'खट्ट' आवाज, थोडीशी ठिणगी, "बघ, लागलं की नाही!" आणि पेन तिथेच, खुंटीसारखं. ती झडप लहान मुलांची बोटं आत जाऊ नयेत म्हणून केलेली असते आणि इथल्या प्लगमध्ये फ्यूज असतो, जो या जुगाडात कामाला येतच नाही, हे सांगायला गेलं तर "पंधरा वर्षं असंच चाललंय" हे उत्तर तयार असतं. अ‍ॅडॉप्टर एका रियालच्या आत मिळतो. पण रियालच्या आत म्हणजे गुणिले दोनशे, आणि दोनशे रुपये नुसत्या पिनेला कोण देतं? असा हा गृहस्थ त्याच ठिणगीवर दोनशे रियालचा फोन चार्ज करतो.

आणि त्या फोनवरून आईशी बोलायला जातो. इथे आणखी एक मौज आहे. ओमानात व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश जातात, फोटो जातात, गणपतीच्या आरतीचा व्हिडिओ जातो. कॉल मात्र वर्षानुवर्षं 'कनेक्टिंग'वरच अडकलेला, कारण परवाना नसलेली इंटरनेट-टेलिफोनी इथे चालू देत नाहीत. व्हीपीएनची आडवाट सुचवणारे शेजारी भेटतात, पण ती इथल्या कायद्यात बसत नाही. कोविडच्या काळात झूम, गूगल मीट वगैरेंना वाट मोकळी झाली आणि अनेक घरं त्यावर आली. फुकटची, कायदेशीर सोय. पण गावाकडे आई लिंक उघडते, 'मीटिंग' हा शब्द वाचते आणि म्हणते, "मीटिंगमध्ये आहेस होय रे? मग निवांत झाल्यावर कर." आणि बंद करते. मस्कत भारताच्या दीड तास मागे, त्यामुळे मुलगा निवांत होईतो ती झोपलेली असते. महागड्या कॅमेऱ्याचा यात काय उपयोग? आईला लिंक कशी उघडायची हे सुट्टीत समोर बसून शिकवायला एक दुपार पुरते.

तीच गत भारतातल्या सिमची. बँकेचा ओटीपी यावा म्हणून लोक दुसरा फोन उशाशी बाळगतात आणि त्याला महिन्याच्या महिन्याला रिचार्जचा नैवेद्य दाखवतात. वास्तविक जानेवारी 2023 मध्ये एनपीसीआयने दहा देशांतले मोबाइल नंबर अनिवासी भारतीयांच्या एनआरई-एनआरओ खात्याच्या यूपीआयला चालतील असं जाहीर केलं. त्या दहांत ओमान आहे. आपल्या बँकेने ही सोय दिली आहे का, ते विचारायला एक ईमेल लागतो. पण रिचार्ज रुपयांत असतो ना! तिथे गुणाकाराची गरजच नाही, म्हणून तो खर्च वाटतच नाही.

उन्हाबद्दल थोडक्यात. जून 2018 मध्ये मस्कतजवळच्या कुरियातला एका रात्री पारा 42.6 अंशांच्या खाली उतरलाच नाही. अ‍ॅपल सांगते की आयफोन 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा आणि 45 च्या वर ठेवूच नये. आणि आपण तो डॅशबोर्डवर चिकटवून दारसेटला भाजी आणायला जातो. बॅटरी फुगली की दोष कंपनीचा.

सुट्टीच्या तोंडावर पॉवर बँकेची ऑफर लागते, तेव्हा डब्यावरचा मोठा आकडा पाहून तीस हजार एमएएचची उचलू नका. ती 111 वॅट-अवर भरते, आणि शंभरच्या वर गेलं की विमान कंपनीची परवानगी लागते. वीस हजारांची 74 भरते. ती घ्या, हातातल्या बॅगेत ठेवा, आणि काउंटरवर आहातच तर तो अ‍ॅडॉप्टरही घेऊन टाका.