साडेपाचशे लिटर समुद्र आणि एक कोळंबी

अहो, ऐकलंत का? थांबा, अशा जास्वंदीच्या बाजूने या, तिथून बोललं की वर ऐकू जातं. आमच्या वरच्यांनी घरात समुद्र आणलाय. थट्टा नाही हो, खरा खारा समुद्र, पुण्यात, पहिल्या मजल्यावर! परवा-परवापर्यंत मीही कुणाला बोलले नव्हते. ती भली मोठी काचेची टाकी चार माणसं जिन्यातून चढवत होती आणि तुमचा दूधवाला खाली खोळंबला होता, आठवतंय ना? तीच.

पाच फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. साडेपाचशे लिटर पाणी मावतं. मी ह्यांना म्हटलं, काच, दगड, वाळू धरून पाऊण टन वजन आपल्या डोक्यावर येतंय, विचारून तरी या! हे गेले आणि चहा पिऊन आले. म्हणे, "इंजिनियरला दाखवलंय, बीमवर ठेवतायत." झालं. ह्यांचं एका कपात समाधान होतं.

तर काय सांगत होते... हां, पाणी. मला वाटलं नळ सोडायचा, मीठ घालायचं, झाला समुद्र. मी तर वरच्या वहिनींना म्हटलंसुद्धा, लोणच्याचं खडेमीठ उरलंय माझ्याकडे, न्या हवं तर. त्या हसल्यासुद्धा नाहीत. साधं मीठ चालत नाही म्हणे, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं लागतं. त्याचं वेगळं मीठ मिळतं, वीस किलोची बादलीच. लिटरला ३५ ग्रॅम पडतं. किंमत विचारली तर वहिनींनी ओढणी सारखी केली आणि "भेंडी काय भाव आणलीत?" म्हणाल्या. काय ते समजा.

आणि पाणी नळाचं नको. त्यातलं क्लोरीन, तांबं बाधतं. आरओचं हवं, वर आणखी एक नळकांडं लावून मीटरवर शून्य आलं पाहिजे. घरचा आरओ तासाला बारा लिटर देणार, करा हिशोब. दोन दिवस, दोन रात्री ते मशीन घुरघुरत होतं. लिटरभर चांगल्या पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत! सेक्रेटरींना वास लागलाच. वरच्या साहेबांना जिन्यात गाठून म्हणाले, "साहेब, काचेची टाकी तुमची, पण गच्चीवरची सोसायटीची आहे." साहेबांचा चेहरा बघवेना हो. शेवटी मीच म्हटलं, ते वाया जाणारं पाणी पाइपने खाली सोडा. माझी दोन पिंपं भरली, अंगण धुतलं, सगळ्यांच्या स्कूटर धुऊन झाल्या. त्या आठवड्यात आपल्याइतक्या चकचकीत गाड्या अख्ख्या कोथरूडात नव्हत्या.

समोरच्या काकांनी सल्ला दिलाच, "अलिबागहून टँकर मागवा की!" मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाला १९५१ सालापासून समोरच समुद्र होता हो. इथे समोर काय, मुठा!

मग भरणं. आधी साध्या पाण्याने टाकी भरून खाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं, दोन दिवस कागद कोरडा राहिला तेव्हा कुठे ती रिकामी केली. मग पिंपात मीठ. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर गुठळ्या होऊन तळाशी पांढरं बसतं. एक नळी असते, तिच्या काचेवर दोन थेंब टाकून उजेडाकडे धरायचं, १.०२५ दिसलं की झाला समुद्र. तळाला पांढरी वाळू, वाळूवर त्यांच्या घरच्या माईंची जेवणाची ताटली पालथी, आणि पाणी त्या ताटलीवर हळूहळू. वाळू उसळू नये म्हणून. तरी उसळलीच. टाकीभर ताक! माई म्हणाल्या, "कढी करा आता."

अगंबाई, मुख्य सांगायचं राहिलंच. त्या मंगळवारी दुपारी लाइट गेले ना? मी आडवी झाले होते. छतावरून टप्... टप्... मला वाटलं वरची मोरी तुंबली. एक थेंब बोटावर घेतला आणि, सांगू का, जिभेला लावला. खारट! तशीच वर पळाले. साहेब गुडघ्यापर्यंत पँट खोचून जमीन पुसतायत, वहिनी हातात टॉवेल घेऊन नुसत्या उभ्या. झालं होतं काय, मोठ्या टाकीखाली आणखी एक छोटी टाकी असते, पंप तिथून पाणी वर चढवतो. लाइट गेले की पंप बंद, आणि वरचं पाणी त्याच पाइपातून उलटं खाली उतरतं. साहेबांनी खालची काठोकाठ भरलेली! आता पाइपाला पाण्याच्या पातळीखाली बारीक भोक पाडलंय, म्हणजे हवा शिरते आणि धार तुटते. खालच्या टाकीवर लाल पट्टीची खूणही केलीय. माझं छत कधी रंगवणार ते मात्र कुणी बोलत नाही.

सगळं सुरू झालं आणि बघायला जावं तर टाकीत मासाच नाही. पंप चालू, दिवे चालू, आत नुसते दगड. तेही कारखान्यातले, कारण खऱ्या प्रवाळाला वाघासारखंच कायद्याचं संरक्षण आहे. पाहुणे यायचे, मासे शोधायचे, आणि वहिनी चहा टाकायला आत पळायच्या. मासे लगेच सोडले तर त्यांच्याच घाणीतल्या अमोनियाने मरतात. ती घाण पचवणारे जंतू आधी वाढवायचे, आणि त्यांना खायला म्हणून टाकीत टाकायची... कोळंबी! श्रावणात! ज्या घरात चार महिने कांदा येत नाही तिथे. साहेब बाजारात गेले आणि कोळणीला म्हणाले, "एकच द्या." ती म्हणाली, "येक? निवदाला का?" माईंनी दोन दिवस हॉलमध्ये पाऊल टाकलं नाही. वासच तसा सुटला होता. मग साहेबांनी बसून समजावलं, मित्राच्या जुन्या टाकीतला स्पंजही आणून टाकला, त्यात ते जंतू आयतेच असतात. माई म्हणाल्या, "म्हणजे विरजण. मग आधी सांगायचं की!"

सहा आठवडे लागले बाई त्या विरजणाला. मध्ये वाळूवर तपकिरी थर आला, वहिनींना वाटलं कुणी चहा सांडला. रोज परीक्षानळीत रंग बघायचे. हिरवा आला की साहेब गप्प, पिवळा आला की शीळ. आता तो अमोनिया शून्यावर आलाय. पाणी आटलं की माईच आरओचं गोडं पाणी घालतात. पाणी उडतं, मीठ उडत नाही ना, म्हणून गोडंच. पुढच्या आठवड्यात केशरी-पांढऱ्या विदूषक माशांची जोडी येणार. मोठी असते ती मादी, आणि ती गेली तर नरच मादी होतो म्हणे. हे ऐकून माईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

तर माझं काम असं, की मासे यायच्या आधी रविवारी शंभर लिटर पाणी बदलायचंय. तुमच्याकडे ते वीस लिटरचे रिकामे जार आहेत ना? दोन द्या, मी तीन कबूल करून बसलेय.