टक्का नेमका कशाचा?

ऑक्टोबर 2024. दिवाळी तोंडावर आलेली. केंद्राने महागाई भत्ता 50 टक्क्यांवरून 53 वर नेला आणि धरमपेठेतल्या आमच्या शेजारच्या घरात एका दिवसात तीन वाढी झाल्या. पेपरात होती तीन टक्के. केंद्राच्या नोकरीतले काका, मूळ पगार 40 हजार, मिशीला ताव देत म्हणाले, "भत्ता 20 हजारांचा 21,200 झाला. सहा टक्के!" आतून काकूंचा आवाज आला, "साठ हजारांचे एकसष्ट हजार दोनशे आले जी. दोन टक्के. मिठाई कायची वाटता?"

हिशेब तिघांचाही बरोबर. पेपराने मूळ पगार धरला, काकांनी भत्ता आणि काकूंनी हातात येणारी रक्कम. घर चालवणाऱ्याचा टक्का नेहमी लहानच निघतो.

या घोळासाठी इंग्रजांनी 'पर्सेंटेज पॉइंट' असा वेगळा शब्द केला आणि बोलताना तेच तो विसरले. आपणही 'टक्केबिंदू' म्हणून बारसं उरकलं. त्या नावाने हाक मात्र कोणी मारत नाही.

मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 4 वरून 6.5 वर गेला. सगळे म्हणाले, अडीच टक्के वाढला. खरं तर दर 62.5 टक्क्यांनी चढला होता! काकांचं गृहकर्ज सातवरून साडेनऊवर गेलं. वीस वर्षांच्या मुदतीला म्हणजे लाखामागे हप्ता 775 रुपयांवरून 932. अडीचच्या पोटातून वीस टक्के निघाले. त्या दिवशी काकांनी मिशीला हात लावला नाही.

बाकीचा घोळ विभक्तीचा. भाव 'दोनशे टक्क्यांवर' गेला तर दुप्पट, 'दोनशे टक्क्यांनी' वाढला तर तिप्पट. शाळेत तृतीया विभक्ती घोकून घेणाऱ्या मास्तरांनी ती एक दिवस बाजारात कामी येईल, हे सांगितलं असतं तर आम्ही लक्ष दिलं असतं.

आमच्या चौकातल्या टपरीवर तर्री पोह्याची प्लेट वीसची तीस झाली. भाऊने टक्का काढला नाही. खडूने वीस खोडलं, तीस लिहिलं आणि तर्री पहिलेपेक्षा पातळ केली.